उजेड टोचतो का गं?

तुमच्या बाळाचे डोळे फार मोठे असतील, चाळीतल्या बायका ते बघून कानशिलावर बोटं मोडत असतील, आणि दार उघडलं की ते बाळ तुमच्या काखेत तोंड खुपसत असेल, तर हे जरा वाचा. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. मी चौथीपर्यंत शिकले, मग आई वारली आणि शाळा सुटली, तेव्हा माझं लिहिणं कसं आहे ते बघू नका. मी बोलते तसंच लिहितेय, न थांबता.

माझी कमल काळाचौकीला आमच्या खोलीतच झाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. सुईणीने तिला पुसून माझ्या कुशीत दिली आणि म्हणाली, "डोळे बघ गं बाई पोरीचे, निम्मं तोंड डोळ्यांनीच भरलंय." मी बघितलं तर खरंच. काळेभोर, टपोरे, पाण्याने भरलेले. बारशाला आलेली प्रत्येक बाई आधी डोळ्यांवर बोलली आणि मग पेढा खाल्ला. मला इतका गर्व झाला होता, खोटं कशाला सांगू. मी काळी, नाक बसकं, माझं कधी कुणी काही वाखाणलं नव्हतं. आता मी नळावर गेले तरी बायका म्हणायच्या, ती बघ, मोठ्या डोळ्यांच्या पोरीची आई.

सासूबाई तर हरखून गेल्या होत्या. त्या मालवणाकडच्या, घरात तसंच बोलायच्या. एरंडेलाच्या दिव्यावर स्वतः काजळ धरायच्या आणि रोज सकाळी तिच्या डोळ्यांत बोटाने भरायच्या, गालावर तीट लावायच्या. "माझ्या चेडवाचे डोळे म्हणजे हिरे आसत," म्हणायच्या. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, काजळ गालावर उतरायचं, त्या परत भरायच्या. पाणी का येतं हे आम्ही दोघींनी एकमेकींना एकदाही विचारलं नाही.

*

आता उजेडाचं सांगते. आमचे हे गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते आणि तेव्हा रातपाळीला. रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो म्हणून त्याच्या खोलीत दिवसा अंधार करायचा, आमच्या मजल्यावर अशा चार खोल्या होत्या. खिडकीला कांबळं, दार लोटलेलं, आणि कुजबुजत बोलायचं. भांडं वाजलं की सासूबाई डोळे वटारायच्या. माझी पोर त्या अंधारात वाढली. तिला उजेड चालत नाही हे कळणार कसं, आमच्या घरी उजेडच नव्हता. अंधारात ती हसायची, खेळायची, हुंकार द्यायची. गॅलरीत नेली की चेहरा आवळायची आणि माझ्या पोलक्यात नाक घुसवायची. बायका म्हणायच्या, लाजते गं. मीपण म्हणायची, लाजाळूच आहे माझी. सहा महिन्यांचं पोर काय लाजतं?

बरोबर ओळखलं ते एकीनेच. आमच्या पलीकडच्या खोलीत इंदूताई राहायची. ती गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती, नवऱ्याने टाकलेली, मूलबाळ नाही. कमलला घ्यायची आणि नुसती तिच्या डोळ्यांत बघत बसायची. एक दिवस मला म्हणाली, "वैनी, रागावू नको. हिच्या डोळ्यांवर धुकं दिसतंय. काचेवर वाफ धरते ना, तसं. आणि ही उजेडाला लाजत नाय, भितेय. डोळ्याच्या डाक्टरला दाखव."

मी घरात येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या जात्यासारख्या घुमायला लागल्या. "तिका पोर नाय, दुसऱ्याचा बघवना नाय तिका. तिची नजर बरी नाय गो. आजपासून चेडवाक तिच्याकडे देव नको."

आणि मी दिली नाही. माझ्यापण मनात तेच आलं होतं म्हणून. इंदूताई हात पुढे करायची, मी म्हणायची, आत्ताच झोपलीय. मीठमोहऱ्या आणि सुक्या मिरच्या पोरीवरून उतरवून शेगडीत टाकल्या, आणि ती शेगडी मी मुद्दाम इंदूताईच्या दारासमोर नेऊन ठेवली. तिने बघितलं. पायातली वहाण काढून आत गेली आणि दार लावून घेतलं. असे तीन महिने गेले. ते तीन महिने मी रोज मोजते.

*

मग ते दिवस आले, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून सगळं पेटलं. गिरण्या बंद, ट्राम बंद, गल्लीच्या तोंडाला टायरी जळतायत. हे पहिल्यांदाच सकाळी घरी जागे होते. अंगात नुसती वीज. म्हणाले, "आज कसली झोप? काढ ते कांबळं, घरात जरा वारा येऊ दे," आणि स्वतःच ओढून काढलं.

पुढच्या चाळीच्या पत्र्यावरून ऊन सरळ आत आलं. कमल चटईवर उताणी होती. ती जी किंचाळली, तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. विंचू चावला असं वाटलं. दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून पाठीची कमान करून लोळायला लागली, हे घाबरून तिला उचलायला गेले तर त्यांच्या छातीत डोकं आपटायला लागली. मी धावत जाऊन कांबळं परत लावलं आणि ती हळूहळू गप झाली, उसासे टाकत. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे कधीपासून?"

मी कांबळ्याची कड नीट करत राहिले.

त्याच दुपारी हे मोर्च्याला गेले, उद्या सकाळी डाक्टरकडे नेऊ म्हणाले, आणि परत आलेच नाहीत. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा माणूस सांगत आला, धरून नेलंय, बऱ्याच जणांना नेलंय, जिवाला धोका नाही. मग कर्फ्यू लागला. आमच्या खोलीत आम्ही तिघी, सासूबाई देवाजवळ बसलेल्या, आणि पोर डोळेच उघडत नव्हती. पापण्या सुजून भजी झाल्या होत्या. सासूबाईंनी काजळाची डबी काढली, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा हात धरला. "आई, नको."

"तू माका शिकवतस?"

"नको म्हणजे नको."

आणि मी उठून इंदूताईच्या दारावर थाप मारली. तिने दार उघडलं. मी नुसती पोर तिच्यापुढे धरली. तिने माझ्या तोंडाकडे नाही बघितलं, पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या दोन तास कर्फ्यू उठणार आहे. परळच्या मोठ्या हास्पिटलात जाऊ. चालत जावं लागेल. छत्री घे."

*

छत्री नेली नाही, इंदूताईलाच नंतर वाटलं की काठी धरलीय असं समजतील. मी पदराची दुहेरी घडी करून कमलला त्याच्याखाली घेतली. रस्त्यावर दगड, काचा, चपला. चिटपाखरू नाही. दुपारचं ऊन समोरून. नाक्यावर पोलिसाने अडवलं.

"पदराखाली काय आहे?"

"बाळ आहे."

"काढ पदर. कालपासून लई बाळं बघतोय आम्ही. पदराखाली दगडं आणतात बाया."

"उजेड चालत नाही हो तिला."

"काढ म्हणतो ना!"

मी काढला. तिच्या तोंडावर ऊन पडलं आणि ती परत तशीच किंचाळली, सगळा रस्ता रिकामा, तो आवाज चाळींवर आपटून परत आला. पोलीस मागे सरकला. पोरगाच होता तोही, मिसरूड फुटलेला. मग त्याने काय केलं माहिताय, तो आमच्या आणि उन्हाच्या मध्ये येऊन उभा राहिला, त्याची सावली कमलच्या तोंडावर पडली. मी पदर नीट घेईपर्यंत तसाच उभा. "जावा लौकर," म्हणाला, "पलीकडे गोरे शिपाय नाय, आपलेच हायत, पन गोळीला डोळे नसतात."

त्याचं नाव मला माहीत नाही. त्याची सावली मात्र मला आठवते.

*

डाक्टर म्हातारे होते, हळू बोलणारे. त्यांनी खोलीतला दिवा मालवायला लावला, छोटी बॅटरी घेतली, इंदूताईने पोरीचं डोकं धरलं, मी पाय. त्यांनी जेमतेम क्षणभर बघितलं आणि बॅटरी बंद केली. मग बोटाने हळूच पापणीवरून डोळा दाबून बघितला, एक, मग दुसरा.

मी वेड्यासारखी म्हणाले, "डोळे फार सुंदर आहेत ना हो तिचे, दृष्ट लागलीय कुणाची."

ते म्हणाले, "बाई, हे डोळे मोठे नाहीत. फुगलेत."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं, ते बाहेर जायची वाट असते, हिची ती वाट जन्मापासून बंद आहे. पाणी साठतं, आत दाब वाढतो, आणि लहान बाळाचा डोळा मऊ असतो म्हणून तो फुगत जातो. त्या दाबाने नजर आतल्या आत मरते. म्हणून पाणी, म्हणून धुकं, म्हणून उजेड टोचतो.

चाळीतल्या सगळ्या बायकांनी जे वाखाणलं, ज्याला मी काजळ भरलं, ज्याचा मी गर्व केला, तेच दुखणं होतं. ती रोज थोडी थोडी आंधळी होत होती आणि आम्ही म्हणत होतो, बघा, दिवसेंदिवस किती गोड दिसायला लागलीय.

डाक्टरांनी विचारलं, "इतका उशीर का केला? तीन महिने आधी आणायला हवी होती. तुम्हाला कुणीच काही बोललं नाही?"

मी खाली बघितलं. माझ्या मागे इंदूताई उभी होती. मला वाटलं आता ही सांगणार, आणि सांगायलाच पाहिजे होतं तिने. ती म्हणाली, "कोण बोलणार, डाक्टर? आम्हा अडाण्यांना काय कळतंय."

*

आपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालं. गुंगीचं औषध नाकाला लावताना पोरीने माझं बोट धरलं होतं, ते त्यांनी सोडवून घेतलं, एकेक करून. तिची बोटं किती लहान होती. दारापर्यंतच मला जाऊ दिलं.

मग पट्ट्या. दोन्ही डोळ्यांना. तिने हात लावू नये म्हणून कोपरांना पुठ्ठे बांधले, ती कोळ्याच्या जाळ्यातल्या मासळीसारखी तडफडायची. मी खाटेखाली फरशीवर निजायची. सकाळी पाचला फरशी धुवायला बाई यायची, म्हणायची, "ऊठ गं, पाणी येतंय." मग सिस्टर थेंब घालायला यायची, मग दूध, मग डाक्टर. मधे नुसतं बसायचं. मला छातीत दम लागायचा, धावून आल्यासारखा, बसल्या जागी. कुणी "कमलची आई" अशी हाक मारली तरी मी दचकून उभी राहायची.

पट्टी काढली त्या दिवशी वॉर्डातल्या खिडकीचा उजेड तिच्यावर पडला आणि ती रडली, तोंड फिरवलं. माझा धीर सुटला. मी सिस्टरला म्हणाले, "हे तर तसंच आहे. मग कापाकापी कशाला केली?"

सिस्टर केरळकडची, मोडकं मराठी बोलायची. ती म्हणाली, "रडू दे, अम्मा. उजेड आत जाते, म्हणून रडते. ते बघ." तिने कोपऱ्यातली खाट दाखवली. तिथे एक दोन वर्षांचा मुलगा अगदी खिडकीखाली उताणा पडला होता, सगळं ऊन तोंडावर, डोळे सताड उघडे, शांत. त्याची आई बाजूला बसून त्याला वारा घालत होती. "त्याला काय त्रास नाय," सिस्टर म्हणाली.

मला वाटलं होतं तो बरा झालाय. मी त्याच्या आईचा हेवा करत होते चार दिवस.

*

हे सुटून आले ते सरळ हास्पिटलात. डोक्याला पट्टी, शर्ट फाटलेला. पोरीला बघितलं आणि माझ्यावर धावून आले नाहीत, ते परवडलं असतं. ते म्हणाले, "मी रात्रभर जागा राहायचो आणि दिवसा झोपायचो. माझ्या झोपेपायी माझ्या पोरीला अंधारात ठेवली." मग त्यांनी त्यांच्या आईशी कितीतरी दिवस बोलणं टाकलं, काजळावरून. काजळाने झालं नव्हतं, डाक्टरांनी सांगितलं होतं, पण कुणावर तरी राग काढायचा असतो माणसाला.

सासूबाई एकदाच आल्या. पदराला गाठ मारून अंगारा आणला होता, तो काढलाच नाही. खाटेजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "इंदूची नाय गो. माझीच दिष्ट लागली तिका. मियाच सगळ्यांत जास्त बघलंय." मी त्यांना बसायला स्टूल दिलं. दुसरं काय देणार?

इंदूताईची माफी मी मागितली. घरी आल्यावर, तिच्या दारात, जिथे शेगडी ठेवली होती तिथेच. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ठसका लई आला होता गं त्या मिरच्यांचा," आणि हसली, आणि मग दोघीपण रडलो. कमलला तिच्या मांडीवर ठेवली. आता कमल तिला मावशी म्हणते आणि माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकते.

*

डावा डोळा सुधारला. उजव्याचा दाब परत वाढला, परत आपरेशन केलं. डाक्टर म्हणाले, "डावा टिकेल असं वाटतं. उजव्याचं आज सांगता येत नाही. बघत राहा." मी बघत राहिले. ह्यांनी खटपट करून दिवसपाळी घेतली. खिडकीला कांबळ्याऐवजी पातळ हिरवं कापड लावलं, इंदूताईने आणलेलं. कमल चालायला लागली, बोलायला लागली. बाहेर जाताना दोन्ही तळहात दोन्ही डोळ्यांवर धरायची आणि बोटांच्या फटीतून बघत चालायची. पोरं तिला घुबड म्हणायची. "घुबड आलं, घुबड आलं, दिवा मालवा!" ती पण त्यांच्यामागे ओरडायची, दिवा मालवा, तिला वाटायचं खेळ आहे. ऊन कललं की मग गॅलरीत तिचं राज्य. मला बरं वाटायचं, दोन हात वर जातात ना, मग दोन्ही डोळे आहेत.

ती पाचव्या वर्षात असताना महाराष्ट्र झाला. मुंबईसकट. तुम्ही बघितलीच असेल ती रोषणाई, गिरण्यांवर, चौकांत, सगळीकडे दिवेच दिवे. लालबागपर्यंत माणसांचे लोंढे चालले होते. हे म्हणाले, "नेतोच तिला. त्याच्यासाठी लाठ्या खाल्ल्या मी."

मी म्हणाले, "अहो, तिला त्रास होईल."

"नाक्यापर्यंत. लगेच परत."

आम्ही सगळे निघालो, सासूबाई, इंदूताईपण. ह्यांनी कमलला खांद्यावर घेतली. नाक्यावर मंडळाने कमान केली होती, नागडे बल्ब, शेकडो, आम्हालाच बघवत नव्हतं. मी तिच्या हातांकडे बघत होते. मला माहीत होतं, आता दोन्ही हात वर जाणार.

एकच गेला. डावा.

डाव्या तळहाताने तिने डावा डोळा घट्ट झाकला, आणि उजवा डोळा तसाच राहिला, उघडा, मोठा, टपोरा. बल्बांच्या सगळ्या रांगा त्याच्यात चमकत होत्या. पापणी हलत नव्हती.

हे आनंदाने ओरडले, "अगं बघ! एक डोळा उघडला तिने! भीत नाय आता!" शेजारचे लोक हसले, कुणीतरी टाळी वाजवली, एक बाई म्हणाली, "काय सुंदर डोळा आहे हो मुलीचा."

मी टाचा उंच करून माझा हात बल्बाच्या आणि त्या डोळ्याच्या मधे धरला. काढला. परत धरला. काही नाही. इंदूताईने ते बघितलं. तिने माझा हात हळूच खाली घेतला आणि धरून ठेवला. ह्यांना मी त्या संध्याकाळी सांगितलं नाही. त्यांचा महाराष्ट्र होता तो, तेवढी संध्याकाळ त्यांना असू दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी डाक्टरांनी सांगितलं, उजव्याची नजर गेली, मला माहीत होतं तेच.

*

म्हणून लिहिलं. बाळाला उजेड टोचत असेल तर लाजाळू म्हणू नका, दृष्ट काढत बसू नका, तुमच्या घरी रातपाळी असेल तर एकदा तरी दिवसा कांबळं काढून बाळाकडे बघा. आणि जी कुणी तुम्हाला न आवडणारं सांगते तिचं आधी ऐका.

मी आता रोज सकाळी एक काम करते. कमलला दारात उभी करते आणि दार हळूहळू उघडते. ऊन आधी तिच्या पायांवर येतं, मग परकरावर, मग तोंडावर. उजवीकडे काही होत नाही. मी श्वास धरून डावीकडे बघते. मग तिचा डावा डोळा आवळतो, पाण्याने भरतो, ती हात वर नेते.

"टोचतं का गं, बाय?"

"टोचतं, आई. किती टोचतं."

मग मी श्वास सोडते, आणि दार लोटून घेते.